ठिबक

चोपड्याच्या ओपीडीत मंगळवार त्वचेचा.
सायबू तडवी बाकावर बसलेत.
सदऱ्यावर केळीच्या चिकाचे डाग, कुठल्याच साबणाला न जाणारे,
आणि कोपरांवर, गुडघ्यांवर,
कमरेत जिथे नाडी बसते तिथे
दुसरे डाग. सात वर्षांचे.

केसपेपरच्या मागच्या पानावर एकच शब्द: नायटा.
अक्षर माझं आहे.
दोन वर्षांपूर्वीचा असाच मंगळवार,
बाहेर नव्वद माणसं, पंख्याचं बटण तुटलेलं.
खरवड तपासायला पाठवली नव्हती.
मी लाली शोधली, ती नव्हती,
एवढं आठवतं.

लाली मी गुळगुळीत कागदावर पाठ केली होती,
परक्या पाठींवर, परक्या पोटऱ्यांवर,
सायीवर डाळिंबाचा रस सांडावा इतकी स्वच्छ.
परीक्षेत लिहिलं: लालसर चट्टे, कडा स्पष्ट.
मार्क मिळाले.
लिहिणारा हात
कळण्याच्या भाकरीच्या रंगाचा.
त्याच्याकडे पाहायचं सुचलं नाही.

सायबूंच्या अंगावर सूज येते ती
जांभूळ चोखून झाल्यावर बीवर उरतो त्या रंगाची,
कधी राखेकडे झुकलेली,
कधी नुसतीच थोडी जास्त काळी,
जसं कोरड्या वावराशेजारी
रात्री पाणी दिलेलं वावर.
माझ्या छापील फॉर्मवर
तिच्यासाठी रकाना नव्हता.

आता हातात तपकिरीच्या डबीएवढं भिंग आहे,
कडेने दिव्यांची माळ, मागे मोबाइल अडकवलेला.
कोपरावर खोबरेलाचा थेंब.
पांढरे पापुद्रे ओल्या कागदासारखे आरपार होतात.
टेकवायचं, दाबायचं नाही.
दाबलं की रक्त बाजूला सरतं,
आत काहीच नव्हतं असं वाटतं.
मी पहिल्यांदा दाबलंच.
मग मनगट सैल सोडलं,
श्वास धरला,

आणि तपकिरी अंधुकातून एकेक
वर आले ठिपके.
लाल.
खसखशीहून बारीक, लाल.

“हाई मना आंगमा शे?”
हो.
त्यांनी मोबाइल लांब धरला,
चष्मा घरी विसरलेली माणसं धरतात तसा.
“लाल? मना आंगमा?”
मग बराच वेळ काही नाही.
मग एकदम,
“ठिबक शे नी हाई!”

आणि मला समजावून सांगू लागले,
काळ्या रानात नळी कशी अंथरतात,
तोट्या कशा मोजून, सारख्या अंतरावर,
एखादी चुकली तर तिथलं केळीचं खोड कसं मागे राहतं.
मी म्हटलं, तेच. तेच मोजलेलं अंतर.
नायटा इतका शिस्तीचा नसतो.
याला सोरायसिस म्हणतात.
त्यांनी तो शब्द तोंडात फिरवून पाहिला
आणि ठेवून दिला.

“पसरस का? दुसराले?”
नाही. ताटाने नाही, पंचाने नाही,
नातीचा गाल लागला तरी नाही.
“मंग सूनले सांगा.”

हमिदा दारातच उभी होती, पोरगी कडेवर.
सात वर्षं त्यांचं ताट चुलीमागे वेगळं, हे मला तिनेच सांगितलं,
सांगताना माझ्याकडे न बघता.
तिने ठिपके पाहिले.
बोलली नाही.
पोरगी या कडेवरून त्या कडेवर घेतली,
सायबूंच्या बाजूच्या.
कदाचित हात भरून आला असेल.

मी सांगत होते मलमाचं,
मेडिकलवाल्याच्या त्या तीन औषधांच्या ट्यूबा बंद करा,
तेव्हा ते म्हणाले,
“आते तुमना हात दखाडा.”
बाहेर अजून साठ जण.
मी भिंग मनगटावर टेकवलं.
तपकिरी जाळं, मोहोळासारखं, घराला घर लागून.
ठिपका एकही नाही.
त्यांनी स्क्रीन तिरपी करून पाहिली, पुसून पाहिली.

“तुमनं वावर कोरडं शे, बाई,”
म्हणाले, आणि हसले, आणि खाजवलं.

मागच्या पानावरचा शब्द खोडायला घेतला.
पेन उमटेना.
दोनदा झटकलं.
दाराशी कुणीतरी विचारत होतं, कितवा नंबर चालू आहे.